इक्विलॅब: अंडर द गन बसून एक्का-गुलाम का टाकायचा ते ह्याने दाखवलं

पोकर शिकणाऱ्या कोणालाही मी आधी हे सॉफ्टवेअर टाकून घे म्हणतो. इक्विलॅब, पोकरस्ट्रॅटेजी ह्या साइटवाल्यांचं, हातातली दोन पानं जिंकण्याची शक्यता किती ते काढून देतं, फुकट आहे, विंडोजवर चालतं. दिसायला साधं आहे पण काम एकदम चोख.

आपल्याकडे बहुतेकांचा हात तीन पत्तीवर बसलेला असतो त्यामुळे एक्का आला की पान सोडवतच नाही. मीपण बरेच दिवस तेच करायचो, नऊ जणांचं टेबल, बिग ब्लाइंडच्या (पानं बघायच्या आधीच सक्तीची मोठी रक्कम लावणाऱ्याच्या) लगेच पुढची जागा, म्हणजेच अंडर द गन, सगळ्यात आधी बोलायचं मलाच, हातात एक्का-गुलाम ऑफसूट (वेगवेगळ्या चिन्हांचे), की लगेच रेज, म्हणजे रक्कम वाढवायची. मग मागून कोणीतरी त्याहून वाढवून रीरेज करायचं आणि मी अडकायचो, फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत) एक्का पडला तरी समोरच्याकडे एक्का-राजा निघायचा.

इक्विलॅबमध्ये १३ बाय १३ चा चौकोन असतो, १६९ प्रकारचे हँड (हातातली दोन पानं), मधल्या तिरक्या रेषेत जोड्या, वर सूटेड (एकाच चिन्हाचे), खाली ऑफसूट. क्लिक करत हँड निवडायचे, किती टक्के झाले ते लगेच दिसतं. मी समोरच्याला दश्शीपासून वरच्या जोड्या आणि एक्का-राणी, एक्का-राजा एवढंच दिलं, म्हणजे दोन पानांच्या एकूण १३२६ पैकी ६२ कॉम्बिनेशन, पाच टक्केसुद्धा नाहीत. त्याच्यासमोर माझ्या एक्का-गुलाम ऑफसूटची इक्विटी, म्हणजे जिंकण्याची शक्यता, साधारण २८ टक्के! आता कोणी म्हणेल असे हँड येतातच किती वेळा, तर एकाला क्वचितच येतात, पण तुमच्यामागे आठ जण बसलेत ना, त्यातल्या एकाकडे तरी असण्याची शक्यता, तुमच्या हातातला एक्का-गुलाम वजा धरूनही, २७ टक्क्यांच्या आसपास जाते. तोच हँड बटनवर (पानं वाटणाऱ्याच्या जागेवर) असेल तर मागे फक्त दोन ब्लाइंड, म्हणजे जेमतेम ८ टक्के. पान तेच, फरक फक्त खुर्चीचा, आणि हे मला कोणी तोंडी सांगून कधीच पटलं नसतं.

आता अंडर द गन मी सत्तीपासून वरच्या जोड्या, एक्का-दश्शी सूटेड आणि वरचे, राजा-गुलाम आणि राजा-राणी सूटेड, राणी-गुलाम सूटेड, आणि ऑफसूटमध्ये फक्त एक्का-राणी, एक्का-राजा एवढंच खेळतो. मोजलं तर बरोब्बर १०० कॉम्बिनेशन, साडेसात टक्के. खूप टाइट आहे मान्य, पण नवीन माणसाला ह्यातच सुरक्षित वाटेल.

एक मात्र लक्षात ठेवा, इक्विटीचा आकडा म्हणजे पाचही पानं उघडेपर्यंत दोघंही थांबले असं धरून काढलेला आकडा. प्रत्यक्षात फ्लॉप, टर्न (चौथं पान), रिव्हरला (पाचवं पान) बहुतेक वेळा आधी तुम्हालाच बोलावं लागणार, मागचा तुमचं बघून ठरवणार, तो तोटा ह्या आकड्यात येतच नाही, त्यामुळे काठावरचा हँड असेल तर सरळ फोल्ड करा, म्हणजे टाकून द्या. आणि टक्क्यांचा स्लायडर आहे तो सरकवून जी यादी येते ती तशीच उचलू नका, स्वतः एकेक हँड क्लिक करा, तेव्हाच डोक्यात बसतं.

ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर आपल्याकडच्या साइट्सनी पैशांचं पोकर बंद केलं, पण हा नुसता कॅल्क्युलेटर आहे, ह्यात पैसे लावायचा प्रश्नच नाही. पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर बसायचा बेत असेल तर आधी चार संध्याकाळी ह्याच्यासोबत घालवा. माझ्याकडून पाचपैकी पाच.