क्यूओ-१०० : टीव्हीच्या सॅटेलाइटवर फुकटची सीट

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या सॅटेलाइटचा एकच वैताग, दहा-बारा मिनिटांचा पास (डोक्यावरून जाण्याची वेळ), तेवढ्यात अँटेना फिरवा, डॉप्लर (वेगामुळे सरकणारी फ्रिक्वेन्सी) सांभाळा, समोरच्याचा कॉलसाइन (स्टेशनचं नाव) घेईपर्यंत सॅटेलाइट क्षितिजाखाली. क्यूओ-१०० वर ही धावपळच नाही. मुळात हा हॅमचा सॅटेलाइट नाहीये, कतारचा टीव्हीवाला एस'हेल-२ आहे, नोव्हेंबर २०१८ मध्ये फाल्कन ९ वरून गेला आणि त्यातच कतारच्या हौशी रेडिओ सोसायटीने आणि आमसॅट-डीएल या जर्मन हौशी संस्थेने आपले दोन ट्रान्सपाँडर (सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारी यंत्रं), एक नॅरोबँड आणि एक वाइडबँड, बसवून घेतले. पाच टनांहून जड जिओस्टेशनरी (आकाशात एकाच जागी दिसणारा) सॅटेलाइट हौशी लोकांनी वर्गणी काढून कधी पाठवला असता? पाहुणा म्हणून गेलो म्हणूनच पोचलो.

२६ अंश पूर्वेला चोवीस तास जागचा हलत नाही. ब्राझीलपासून थायलंडपर्यंत दिसतो, अमेरिका-जपानवाले मात्र बाहेर, त्यांच्यासाठी झीरो स्टार 😀

ऐकायला घरची डिश, साधा एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसणारा रिसीव्हर) आणि आरटीएल-एसडीआर (कॉम्प्युटरला लावायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) बास. डाउनलिंक (सॅटेलाइटकडून येणारा सिग्नल) १०४८९.५ मेगाहर्ट्झच्या वर, एलएनबी तो खाली आणतो, मग ७३९ मेगाहर्ट्झच्या आसपास सापडतो. नॅरोबँडचं पोलरायझेशन व्हर्टिकल आहे, त्यामुळे एलएनबीला १३ व्होल्ट द्या, मी १८ देऊन अख्खी संध्याकाळ डिश हलवत बसलो होतो, दोष डिशचा नव्हताच. आणि साधा एलएनबी ऊन-सावलीत सरकतो, एसएसबी (हॅमची बोलायची एक पद्धत) ऐकताना समोरच्या माणसाचा आवाज हळूहळू बदकासारखा होतो, टीसीएक्सओवाला (तापमानाने फ्रिक्वेन्सी न सरकणारा) घ्या.

बोलायचं तर लायसन्स हवंच. अपलिंक (सॅटेलाइटकडे पाठवायचा सिग्नल) २४०० मेगाहर्ट्झ, वायफायच्या शेजारीच, डिशवर चार-पाच वॅटमध्ये एसएसबी मस्त जातो. आपलाच आवाज पाव सेकंदाने कानात परत येतो, पहिल्यांदा जीभच अडखळते, मग सवय होते.

घरमालकाचा नियम एकच, बीकनपेक्षा (सॅटेलाइटवरच्या खुणेच्या सिग्नलपेक्षा) जोरात यायचं नाही. आलात की लैला नावाची सिस्टिम तुमच्या फ्रिक्वेन्सीवर सायरन वाजवते, सगळ्यांसमोर. बरोबरच आहे, एकाने पॉवर चढवली की बाकीचे दबतात. तरी रोज कोणीतरी वाजवून घेतोच.

एफएम चालत नाही, गाडीतल्या एफएम रेडिओ सेटवाल्यांनी नाद सोडा. वाइडबँडवर डिजिटल टीव्ही चालतो, ते अजून केलं नाहीये.

साडेचार स्टार. अर्धा कापला कारण सगळी भिस्त एकाच सॅटेलाइटवर, आणि त्याचं बटण आपल्या हातात नाही.