इंटरकूलर हवेचा की पाण्याचा? अकोल्याच्या उन्हातून

टर्बोने (इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या यंत्राने) दाबलेली हवा तापते, अगदी १०० अंशांच्या वर. तापलेली हवा विरळ होते, पेट्रोल इंजिन ठोकू लागतं (इंधन अवेळी पेटतं), ईसीयू म्हणजे इंजिनचा संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि गाडी मरगळते. म्हणून ही हवा इंजिनात जाण्याआधी थंड करतो तो इंटरकूलर.

हवेवर थंड होणारा इंटरकूलर साधा: बंपरमागे जाळी, दोन पाइप, झालं. पंप नाही, पाणी नाही. समृद्धीवर १२० ने जाताना तोच भरवशाचा. पण त्याला समोरून वारा लागतो, आणि गावात गाडी सुटते कुठे? मागच्या मे महिन्यात रेल्वे फाटकावर एसी लावून उभा होतो. बाहेर ४५, स्कॅनरवर इंजिनात जाणारी हवा ७१! फाटक उघडलं, ॲक्सिलरेटर दाबला, गाडी हलायलाच तयार नाही. हिवाळ्यात जिनिंगच्या रस्त्याने गेलं की जाळीत कापसाचे पुंजके अडकतात ते वेगळंच.

पाणी मात्र किलोमागे हवेच्या चौपट उष्णता धरतं. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआय इंजिनात पाण्यावर थंड होणारा इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांमध्येच, बसवलाय. हवेची वाट आखूड, प्रतिसाद चटकन. ओव्हरटेकपुरती उष्णता पाणी मुकाट गिळतं. पण शेवटी पुढच्या रेडिएटरला वारा तोच, ४५ अंशांचा. सतत दामटलं की पाणी तापतं, आणि तापलं की निवायला वेळ घेतं. पाणी फिरवणारा पंप बंद पडला तर लगेच कळेलच असं नाही.

आणि हो, खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी त्यात ओतू नका, क्षार बसतात. कंपनीचा कूलंटच घाला.

तालुक्याच्या गर्दीत रोज फिरणाऱ्याने पाण्याचा घ्यावा. मी पुढची गाडी तशीच बघतोय.