कोरड्या लाकडातील वाळवी आणि लातूरची एक कीडनियंत्रण सेवा

वाळवीचा बंदोबस्त करायला आलेला माणूस औषधाचा पंप उघडण्यापूर्वी वाळवीचा प्रकार ओळखतो का, हे मी सर्वांत आधी पाहते. अंबाजोगाईच्या आमच्या जुन्या माळवदाच्या (लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेल्या) घरात दोन चौकटी, एक दिवाण आणि देवघराची फळी यांना लागलेल्या वाळवीचे काम लातूरच्या एका लहान कीडनियंत्रण सेवेने केले. पारख नावाची न होता कामाच्या पद्धतीची व्हावी, म्हणून सेवेचे नाव येथे देत नाही.

मराठवाड्यात उधई, म्हणजेच वाळवी, म्हटले की भिंतीवरून चढणाऱ्या मातीच्या नळ्याच डोळ्यांसमोर येतात. ती वाळवी जमिनीत राहते, तिला ओल लागते आणि मातीशी येणे-जाणे तुटले की ती टिकत नाही. कोरड्या लाकडातील वाळवीचे सारे आयुष्य मात्र लाकडाच्या आतच जाते. लाकडात असलेला थोडासा ओलावा तिला पुरतो आणि मातीची नळी ती कधीच बांधत नाही. यापूर्वी आलेल्या एका कंपनीने लाकडाकडे ओझरते पाहून भिंतींच्या कडेने फरशीला छिद्रे पाडून औषध भरण्याचा, चौरस फुटाच्या दराने, प्रस्ताव दिला होता. वाळवीच्या बंदोबस्ताविषयीच्या भारतीय मानक ६३१३ च्या, बांधून झालेल्या इमारतींसाठी असलेल्या तिसऱ्या भागात अशी मातीची प्रक्रिया सांगितली आहे आणि जमिनीतील वाळवीसाठी ती योग्यच आहे. पण दिवाणाच्या पायाच्या आत बसलेल्या वसाहतीपर्यंत फरशीखालचे औषध पोहोचणार कसे, याचे उत्तर त्या कंपनीकडे नव्हते.

लातूरच्या सेवेचा कारागीर बॅटरी, पेचकस आणि भिंग घेऊन आला आणि बराच वेळ त्याने काहीही फवारले नाही. दिवाणाखाली साचलेले दाणे त्याने पांढऱ्या कागदावर घेतले आणि मला भिंगातून दाखवले. खसखशीसारखे बारीक, एक मिलिमीटरहून आखूड, दोन्ही टोकांना गोलसर आणि अंगाला सहा कडा असलेले ते दाणे म्हणजे या वाळवीची विष्ठा. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा भुसा पिठासारखा मऊ लागतो, त्यामुळे बोटांवर चोळून पाहिले तरी फरक कळतो. दाण्यांच्या ढिगाच्या बरोबर वर एक बारीक छिद्र होते. विष्ठा बाहेर ढकलून झाली की वाळवी असे छिद्र पुन्हा बुजवून घेते. पेचकसाच्या मुठीने ठोकल्यावर चौकटीचा सालीलगतचा पांढुरका भाग पोकळ वाजला, सागाचा आतला गाभा मात्र भरीव होता. पोखरलेल्या जागी चिखलाचा लवलेशही नव्हता, हाही महत्त्वाचा पुरावा. “ताई, सगळे झाडून घ्या, खाली काळा कागद अंथरा आणि पुन्हा पडतात का ते पाहा; जुने दाणे नुसत्या धक्क्यानेही गळतात,” असे सांगून तो परत गेला. पहिल्याच भेटीत पैसे न मागता निदानासाठी थांबणारी सेवा मला मोलाची वाटते.

नवे दाणे पडलेल्या जागीच उपचार झाला. पोकळ भागात बारीक छिद्रे पाडून, नळीने आतल्या बोगद्यांत दाबाखाली औषध सोडून, छिद्रे पुट्टीने बंद केली. दिवाणाच्या तळाच्या, पॉलिश नसलेल्या कच्च्या लाकडावर बोरॉनयुक्त क्षाराचे द्रावण ब्रशने दिले. रंग किंवा पॉलिश असलेल्या बाजूने ते आत शिरत नाही, म्हणून तेथे दिले नाही. नुसत्या वरच्या फवाऱ्याचा उपयोग नसतो, कारण ही वाळवी पंख फुटून उडण्याखेरीज सहसा बाहेर येतच नाही. देवघराची फळी इतकी पोखरली होती की ती बदलण्याचा सल्ला त्याने दिला, आणि तो रास्त होता.

वैशाखातल्या उन्हात दिवाण ठेवून भागेल का, असेही मी विचारले. लाकडाच्या गाभ्याचे तापमान सुमारे ५० अंश सेल्सियसवर अर्ध्या तासाहून अधिक टिकले तर वाळवी मरते, पण आपल्याकडे हवा ४० अंशांच्या पुढे गेली तरी जाड पायाच्या आत तेवढी उष्णता पोहोचल्याची खात्री देता येत नाही. धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कपाटात ठेवण्याचा उपाय कोणी सुचवला, तर तो कृपा करून करू नये. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू घरातील माणसांचा जीव घेऊ शकतो.

सेवेत उणिवाही आहेत. बिलावर केवळ ‘वाळवी उपचार’ असे लिहिले होते. इमिडाक्लोप्रिड हे वापरलेल्या कीटकनाशकाचे नाव आग्रह धरल्यावर लिहून मिळाले. लहान मुले असलेल्या घराला कोणते रसायन वापरले हे न मागता कळायला हवे. परवानाही मागितल्यावरच दाखवला गेला, वास्तविक कीटकनाशक कायदा, १९६८ खालील परवाना कारागिराने सोबतच बाळगावा. माळवदाच्या तुळया आणि त्यांवरील किलचे (लाकडाच्या आडव्या पट्ट्या) शिडी लावून तपासण्याचे काम मला आठवण करून द्यावे लागले; जुन्या घरांत पाहायचे पहिले ठिकाण तेच. दर वस्तूनिहाय असल्याने खर्च चौरस फुटाच्या प्रस्तावापेक्षा बराच कमी आला.

हमी एका वर्षाची आहे आणि ती मला अपुरी वाटते. या वाळवीची वसाहत लहान असते, सावकाश वाढते आणि औषध सोडताना एखादा बोगदा सुटला तर दाणे पुन्हा दिसायला वर्षाहून अधिक काळ जाऊ शकतो. त्यामुळे पुढील तीन वर्षे पावसाळ्यापूर्वी एक तपासणी, असे मी बिलाच्या मागे लिहून घेतले आणि त्यांनी ते विनातक्रार मान्य केले. मोडलेल्या वाड्यांचे सागवान घेऊन फर्निचर करवणाऱ्यांनी हीच तपासणी लाकूड सुताराकडे टाकण्याआधी करून घ्यावी. त्या टप्प्यावर कच्च्या लाकडात द्रावण चांगले मुरते आणि एखादी फळी नाकारायलाही वाव असतो.