स्टेलॅरियमची एफ १० खिडकी: नागपुरात बसून ग्रहगणित करणाऱ्यांसाठी

संकष्टीच्या संध्याकाळी मुंबईच्या चंद्रोदयाची वेळ पाहून नागपुरात कुणी ताटकळत बसू नये. मुंबई ७२.९ अंश पूर्व रेखांशावर आहे, नागपूर ७९.१ वर. सव्वासहा अंशांमुळे आपल्याकडे चंद्र साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो, आणि चंद्राची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर) किती आहे त्याप्रमाणे त्यात आणखी पाच-सहा मिनिटांची कमीजास्ती होते. आपल्या गावाचा, आपल्या रेखांशाचा आकडा घरच्या संगणकावर काढून देणारं स्टेलॅरियम हे आकाशदर्शनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं; विंडोज, लिनक्स, मॅक, तिन्हीवर चालतं. बहुतेक लोक ते आकाश बघायला उघडतात. इथे परीक्षण आहे ते एफ १० दाबल्यावर उघडणाऱ्या खगोलीय गणनेच्या खिडकीचं, म्हणजे त्यातल्या पंचांगाचं.

गणिताची बाजू भक्कम आहे. ग्रहांसाठी व्हीएसओपी ८७ आणि चंद्रासाठी ईएलपी २०००-८२बी ही सूत्रं मुळातच आत आहेत. उदयास्त, युती, ग्रहणं, तिथी या कामांना तेवढी अचूकता पुरून उरते. त्याहून बारीक काम असेल तर नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेची डीई४४० ही ग्रहस्थितींची फाइल वेगळी उतरवून एफ २ च्या सेटिंग्जमध्ये जोडता येते. ती इ.स. १५५० ते २६५० पर्यंत चालते आणि आकाराने शंभर एमबीच्या आसपास आहे. डीई४४१ हजारो वर्षं मागेपुढे जाते, पण ती अडीच जीबीहून मोठी आहे. इतिहासातल्या जुन्या ग्रहणांवर काम करत नसाल तर तिच्या वाटेला जाऊ नये. उत्तर चुकतं ते जवळजवळ नेहमी सेटिंगमुळे, म्हणून पुढचा मजकूर सगळा सेटिंग्जचा आहे.

पहिलं सेटिंग ठिकाणाचं. एफ ६ उघडा आणि नेटवर्कवरून ठिकाण घेण्याची खूण आधी काढून टाका. इंटरनेट कंपनीचा सर्व्हर मुंबईत असेल तर सॉफ्टवेअर तुम्हाला बिनबोभाट तिथे नेऊन बसवतं आणि उदयास्त वीस-पंचवीस मिनिटांनी सरकतात. अक्षांश २१°०९′ उत्तर, रेखांश ७९°०५′ पूर्व, उंची ३१० मीटर, असं हाताने भरा. हे आकडे झिरो माइलच्या परिसराचे आहेत. रेखांशाची एक कला (अंशाचा साठावा भाग) म्हणजे वेळेत चार सेकंद. हिंगण्यापासून पारडीपर्यंत जेमतेम नऊ-दहा कला भरतात, म्हणून शहरात कुठेही राहत असलात तरी मिनिटाच्या आतच फरक राहील. वेळेचा पट्टा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अधिक ५:३० आहे ना, हे त्याच खिडकीत तपासा. जुन्या जन्मवेळा घालणाऱ्यांनी एक पक्कं लक्षात ठेवावं: १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशातली घड्याळं युद्धामुळे एक तास पुढे होती. त्या काळातली वेळ हाताने यूटीसीत बदलून मगच भरावी.

सेटिंग्ज बरोबर बसली का, हे तपासायला नागपूरकरांकडे एक सुंदर कसोटी आहे, ती म्हणजे शून्य सावलीचा दिवस, म्हणजे मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो तो दिवस. एफ ३ दाबून सूर्य निवडा, एफ १० मधल्या आरटीएस या पानावर जा, २० ते ३१ मे ही मुदत घाला आणि गणना करा. उदय, मध्यान्ह, अस्त आणि मध्यान्हीची उंची असे रकाने येतील. २६ मेच्या ओळीत उंची ९० अंशांच्या अगदी जवळ आणि मध्यान्हाची वेळ १२:१० ते १२:११ च्या दरम्यान दिसली पाहिजे. आपण ८२.५ अंशांच्या प्रमाण रेखांशापासून ३.४ अंश पश्चिमेला आहोत, त्याची १३ मिनिटं ४० सेकंद होतात. त्या दिवशीचा कालसमीकरणाचा (सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतल्या फरकाचा) हिस्सा सुमारे तीन मिनिटं, तो वजा. दुसरा शून्य सावलीचा दिवस जुलैत १७ तारखेच्या आसपास येतो, तेव्हा मध्यान्ह १२:२० च्या सुमारास असतं, कारण कालसमीकरणाचं चिन्ह मधल्या काळात उलटलेलं असतं. मेमधली वेळ १२:३५ च्या आसपास दिसली तर तुम्ही अजून मुंबईतच आहात असं समजा.

सूर्योदयाच्या बाबतीत छापील पंचांगाशी तीन-चार मिनिटांचा फरक दिसला की लोक सॉफ्टवेअरला बोल लावतात. मुळात दोघांची व्याख्या वेगळी असू शकते. सॉफ्टवेअर सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजावर धरतं आणि वातावरणातलं वक्रीभवनही मोजतं: १६ कला बिंबाच्या, ३४ कला वक्रीभवनाच्या, मिळून ५० कला. बिंबाचा मध्य धरून, वक्रीभवन न घेता उदय काढला तर नागपूरच्या अक्षांशावर तो साडेतीन ते चार मिनिटं उशिरा येतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. एक काळजी मात्र घ्या. ए या कळीने वातावरण बंद केलं की वक्रीभवनही जातं आणि क्षितिजाजवळच्या ग्रहाची उंची अर्ध्या अंशाहून जास्त बदलते.

एफ ४ मध्ये वातावरणाचे आकडे आहेत. आधीपासून भरलेलं १०१० मिलिबार आणि १५ अंश तापमान नागपूरच्या मे महिन्याला कुठलं लागू पडायला! ९७० मिलिबार आणि ४४ अंश घातले तर क्षितिजावरचं वक्रीभवन ३४ वरून २९ कलांपर्यंत उतरतं, आणि सूर्योदय वीस-बावीस सेकंदांनी सरकतो. छापील मिनिटाच्या हिशेबात हे नगण्य आहे. पण तिथेच प्रकाश शोषणाचा गुणांक ०.१३ असतो, तो जरूर बदला. उन्हाळ्यातल्या धुळीत तो ०.३ च्या आसपास ठेवला तरच फुटाळा तलावाच्या काठावरून संध्याकाळी बुध दिसेल की नाही याचा खरा अंदाज येतो.

आता तिथीकडे वळू. या सॉफ्टवेअरवरून तिथी काढणाऱ्यांचा सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्या भोगांतला (क्रांतिवृत्तावर, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गावर, मोजलेल्या अंशांतला) फरक, दर १२ अंशांना एक. चंद्र निवडला की डावीकडच्या माहितीत त्याचा त्या दिवसाच्या क्रांतिवृत्तावरचा भोग दिसतो. तसाच सूर्याचा घ्या. वजाबाकी करा, ऋण आली तर ३६० मिळवा, १२ ने भागा आणि पूर्णांकात एक मिळवा. समजा, सूर्य ४० अंशांवर आणि चंद्र ८७ अंशांवर आहे. फरक ४७, भागाकार ३.९, म्हणजे शुक्ल चतुर्थी चालू आहे आणि ती संपायला एक अंश उरला आहे. सूर्याच्या तुलनेत चंद्र तासाला सरासरी अर्धा अंश पुढे जातो, तेव्हा साधारण दोन तास.

पण स्टेलॅरियम सुरुवातीला हा भोग तुमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या चंद्राचा देतं. पंचांगाला हवा असतो पृथ्वीच्या केंद्रावरून पाहिलेला चंद्र. या दोहोंत चंद्र क्षितिजावर असताना जवळजवळ एक अंशाचा फरक पडतो. लंबनामुळे (पाहण्याची जागा बदलल्याने दिसणाऱ्या सरकण्यामुळे) उगवता चंद्र भोगात पुढे दिसतो, मावळता मागे. वरच्या उदाहरणात उरलेला अंश नेमका तेवढाच होता, म्हणजे चंद्र उगवताना हे गणित केलं तर दोन तास शिल्लक असलेली चतुर्थी संपल्यासारखी दिसेल. उपाय सोपा आहे: एफ २ मधली टोपोसेंट्रिक ही खूण तिथीपुरती काढा आणि चंद्रोदय काढायच्या आधी परत लावा. संकष्टीला दोन्ही लागतात, कारण चंद्रोदय गच्चीवरून मोजायचा असतो आणि चतुर्थी पृथ्वीच्या केंद्रावरून. ही खूण इतकी आत दडवलेली आहे की नवख्याला ती सापडतच नाही. या कामासाठी हा सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा दोष.

नक्षत्र काढायचं तर भोगातून अयनांश (वसंतसंपात नक्षत्रचक्राच्या आरंभापासून जितका सरकला तितके अंश) हाताने वजा करावे लागतात. पंचांग सुधारणा समितीने २१ मार्च १९५६ ला २३°१५′ धरले, दर वर्षी सुमारे ५०.३ विकला (कलेचे साठावे भाग) वाढतात, म्हणजे २०२६ साली जवळपास २४°१३′. तिथीच्या वजाबाकीत ते दोन्हीकडे असल्याने उडून जातात. कॅलेंडर्स नावाच्या प्लगिनमध्ये हिंदू कालगणनाही आहेत, पण त्यातल्या सूर्यसिद्धांती नोंदी प्रत्यक्ष ग्रहस्थितीवर बेतलेल्या दृक् पंचांगाशी ताडून पाहू नका. त्या जुळणार नाहीत.

एखाद्या आकड्याबद्दल शंका आली तर जेपीएलच्या होरायझन्स या ग्रहस्थिती देणाऱ्या मोफत सेवेवर पडताळा घ्या. तिथे पाय घसरण्याच्या जागा तीन. उंची किलोमीटरमध्ये लिहायची असते, ३१० च्या जागी ०.३१. रकाना क्रमांक १ इ.स. २००० च्या संपातावरचे विषुवांश (आकाशातले रेखांश) देतो आणि क्रमांक २ त्या दिवसाचे. दोघांत अयनचलनाचा सुमारे २२ कलांचा फरक आहे, आणि सॉफ्टवेअर चुकतंय अशा तक्रारींमागे पुष्कळदा हाच निघतो. तिसरी जागा वेळेची: टीडीबी (ग्रहगणितातली एकसमान वेळ) आणि यूटी (पृथ्वीच्या फिरण्यावरची वेळ) यांच्यात सध्या सुमारे ६९ सेकंदांचं अंतर आहे, तेवढ्या वेळात चंद्र ३८ विकला सरकतो. तिथीसाठी ठिकाण ५०० म्हणजे भूकेंद्र निवडा आणि रकाना ३१ घ्या, क्रांतिवृत्तावरचा भोग थेट मिळतो.

एफ १० मधल्या इफेमेरिस (ग्रहस्थिती) या पानावर ग्रह, मुदत आणि टप्पा निवडून केलेला तक्ता एक्सेलमध्ये काढून घेता येतो. शाळेच्या खगोल मंडळाला वर्षभराचा तक्ता भिंतीवर लावायचा असेल तर याहून सोपं साधन नाही. मोबाइलवरचं त्याच नावाचं अॅप वेगळं आहे, त्यात ही एफ १० खिडकी शोधू नका.

धूमकेतू आणि लघुग्रहांच्या बाबतीत मात्र सावध राहा. त्यांच्या कक्षेचे घटक एकदा आत भरले की सॉफ्टवेअर त्यांना नुसतं सूर्याभोवती फिरवतं, गुरू-शनीची ओढ धरत नाही. घटक वर्षभर जुने झाले की धूमकेतू दुर्बिणीच्या क्षेत्राबाहेर गेलेला असू शकतो. निरीक्षणाच्या आठवड्यात सोलर सिस्टिम एडिटर या प्लगिनमधून मायनर प्लॅनेट सेंटरचे ताजे घटक उतरवा, आणि दुर्बीण लावायच्या आधी तीच वेळ होरायझन्सवर घालून विषुवांश आणि क्रांती जुळवून घ्या.