गॅजेटवाल्यांची स्कूटर आणि आमची अडकलेली डिकी

चार्जर, इअरफोन विकणाऱ्या एका कंपनीची इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन आठ महिने झाले. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. त्यांचे इअरफोन चांगले निघाले होते म्हणून गाडी पण घेऊन टाकली, आता कोणाला सांगायची लाज वाटते.

पिकअप मस्त आहे, इंदूरला पलासिया चौकात सिग्नल सुटला की आपण सगळ्यांच्या पुढे. फिनिशिंग एकदम फोनसारखं, जेल रोडवरचा माझा मोबाइलवाला मित्र स्क्रीन बघून म्हणाला, भिया किती इंची आहे? आणि तिथेच घोळ आहे. जुलैत भर पावसात राजवाड्यापाशी स्क्रीन काळी, मग कंपनीचा लोगो, मग परत काळी. गाडी चालत होती, ब्रेक लागत होते, पण स्पीड किती चार्जिंग किती काही कळेना, आणि डिकी स्क्रीनवरूनच उघडते त्यामुळे आईचा रेनकोट आत आणि आई मागे भिजत बसलेली. बाबांची चेतक बंद पडली की तिरकी करून किक मारायचे, निघायची. हिला तिरकी करून काय होणार!

सर्व्हिसवाला आला तो पाना नाही, लॅपटॉप घेऊन. अपडेट टाकला, आता होणार नाही म्हणे. त्यानंतर तीनदा झालं.

तरी गाड्या काढणाऱ्या गॅजेटवाल्यांना सरसकट नावं ठेवत नाही. शाओमी फोनवालीच, २०२४ मध्ये चीनमध्ये एसयू७ नावाची इलेक्ट्रिक कार आणली आणि धडाक्यात विकली. पण २०२५ च्या सप्टेंबरात १ लाख १६ हजारांहून जास्त गाड्या रिकॉल, हायवेवर गाडी चालवायला मदत करणाऱ्या ड्रायव्हिंग असिस्टमध्ये खोट, आणि इलाज काय तर तोच, सॉफ्टवेअर अपडेट. घरबसल्या दुरुस्त होतं हे बरंच आहे, पण मग विकताना काय विकलं? ॲपलने दहाएक वर्षं घालवून २०२४ मध्ये कारचा नाद सोडला, व्हॅक्यूम क्लीनरवाल्या डायसनने २०१९ मध्येच. इलेक्ट्रिक गाड्या बनवणारी चीनचीच बीवायडी पण मुळात बॅटरीवाली, १९९५ ची, पण तिने २००३ मध्ये चालू असलेली कार कंपनीच विकत घेतली, म्हणजे गाड्या बनवणारी माणसं आयती मिळाली. माझ्या कंपनीत अशी माणसं आहेत की नाही देव जाणे, कस्टमर केअरवाला मला दर वेळी रीस्टार्ट करून बघा म्हणतो. चालत्या गाडीवर?

परवापासून डिकी परत अडकलीय, आत अर्धा किलो लौंग सेव आहे. ५ पैकी २.