घरी राहून घेतलेले उपचार : ठाण्यातील एका केंद्राचा सात महिन्यांचा अनुभव

ठाणे पश्चिमेतील एका बाह्यरुग्ण उपचार केंद्रात मी गेले सात महिने उपचार घेत आहे. झोपेच्या गोळीची जडलेली सवय आणि तिच्या मुळाशी असलेले नैराश्य या दोन्हींवर तेथे एकत्र उपचार होतात आणि रुग्ण रोज आपल्या घरी परततो. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण पुढे काही तक्रारी मांडणार आहे आणि गटात माझ्यासोबत बसणाऱ्या माणसांची ओळख अप्रत्यक्षपणेही उघड व्हावी, हे मला मान्य नाही. तरीही अशा उपचारांत नेमके काय होते हे लिहिणे मला गरजेचे वाटते, आणि ते मुख्यतः घरातल्या बायकांसाठी. कारण महिनाभर घर सोडून दाखल होणे ज्यांना जमत नाही, त्यांना बहुतेक वेळा 'मग बघू पुढे' एवढेच ऐकावे लागते.

माझी गोळी २०१९ मध्ये सुरू झाली. आई गेल्यानंतर तीन आठवडे मला झोप लागत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी अल्प्राझोलमची पाव मिलिग्रॅमची गोळी दहा दिवसांसाठी लिहून दिली. दहा दिवसांची ती चिठ्ठी मी पुढे कित्येक वर्षे वापरली. २०१४ पासून ही औषधे 'एच-१' यादीत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत, आहेत, विक्रेत्याने प्रत्येक विक्रीची वेगळ्या वहीत नोंद ठेवावी असा नियम आहे, पण आमच्या सेक्टरमधल्या ओळखीच्या दुकानात चिठ्ठीची झेरॉक्स पुरत असे आणि पुढेपुढे तीही कोणी मागेना. पावाची अर्धी झाली, अर्धीची एक झाली, मग दुपारीही एक लागू लागली. एका नवरात्रात मी मनाशी ठरवून सगळ्या गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या दिवशी हात इतके थरथरू लागले की निरांजन धरता येईना, छातीत धडधड थांबेना आणि रात्रभर अंगावरून मुंग्या चालल्यासारखे वाटत राहिले. हे धाडस किती धोक्याचे होते, हे मला नंतर मानसोपचारतज्ज्ञांकडून कळले : दीर्घकाळ घेतलेली ही गोळी एकदम सोडली तर आकडी येऊ शकते.

त्यांनी दाखल होण्याचा पर्याय सुचवला होता. परंतु घरी सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या, मुलगी बारावीत आणि यजमानांची नोकरी पाळ्यांची. व्यसनमुक्ती केंद्र म्हटले की आपल्यासमोर दारू पिणारा पुरुष उभा राहतो आणि त्याच्यामागे घर सांभाळणारी बायकोही आपोआप गृहीत धरली जाते. घर सांभाळणारीच रुग्ण असेल तर तिच्यामागे कोण, याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. त्यामुळे घरी राहून उपचारांचा मार्ग मी निवडला असे म्हणण्यापेक्षा माझ्यासमोर तेवढाच उरला होता, असे म्हणणे खरे होईल.

कार्यक्रम बारा आठवड्यांचा असतो. पहिले सहा आठवडे सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार, सकाळी दहा ते एक. पुढचे चार आठवडे दोन दिवस. शेवटचे दोन आठवडे एक दिवस. आणि त्यानंतर दर गुरुवारची पाठपुराव्याची बैठक. अमेरिकेत या पद्धतीला सघन बाह्यरुग्ण उपचार म्हणतात आणि तेथे प्रौढांसाठी आठवड्याला किमान नऊ तासांची अट असते. आमचे बारा तास होत. महिन्यातून एकदा डॉक्टरांना दाखवणे आणि आठवड्यातून बारा तास बसणे यांत किती अंतर आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात जाणवले. घणसोलीहून लोकलने रबाळे, ऐरोली, दिघा गाव आणि मग ठाणे. सकाळची भाजी-पोळी, सासूबाईंचे आवरणे उरकून मी नऊच्या सुमारास निघत असे आणि दोनपर्यंत घरी येत असे.

प्रवेशापूर्वीची मुलाखत दीड तास चालली आणि केंद्राबद्दलचा माझा विश्वास तेथेच बसला. यापूर्वी कधी आकडी आली होती का, भ्रम झाला होता का, दारू किंवा दुसरे काही औषध सोबत घेता का, जीव संपवण्याचे विचार येतात का, आले तर काही तयारी केली होती का, घरात मारहाण होते का, हे सगळे त्यांनी स्पष्ट शब्दांत विचारले. यांतल्या काही प्रश्नांना 'होय' असे उत्तर असेल तर घरी राहून उपचार करणे सुरक्षित नसते आणि अशा वेळी ते रुग्णाला रुग्णालयात पाठवतात. दारूच्या बाबतीत तर हे फार काटेकोरपणे पाहावे लागते, कारण शेवटच्या पेल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत आकडी आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात तीव्र भ्रमावस्था येऊ शकते, आणि ती जिवावर बेतू शकते. आलेल्या प्रत्येकाला चौकशी न करता दाखल करून घेणाऱ्या केंद्रापासून दूर राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

औषधांचा भाग थोडक्यात सांगते. अल्प्राझोलमचा परिणाम लवकर ओसरतो आणि शरीर पुन्हा गोळी मागते, म्हणून डॉक्टरांनी मला टप्प्याटप्प्याने डायझेपाम या संथपणे उतरणाऱ्या औषधावर आणले आणि मग दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा पाच ते दहा टक्क्यांनी कमी करत नेली. सोबत नैराश्यासाठी वेगळे औषध आहे. मला घाई होती, डॉक्टरांना मुळीच नव्हती, आणि त्यांचे बरोबर होते. बारा आठवड्यांत कार्यक्रम संपला तरी गोळी संपत नाही, हे मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी अधिक ठळकपणे सांगायला हवे होते.

आता कपाटाच्या खणाविषयी लिहिते, कारण घरी राहून उपचार म्हणजे काय, हे मला त्या खणामुळे समजले.

दुसऱ्या आठवड्यात समुपदेशक बाईंनी मला कागदावर घराचा नकाशा काढायला सांगितला. गोळी कोठे असते, दिवसाच्या कोणत्या वेळी तिची आठवण येते, त्या वेळी घरात कोण कोठे असते, हे सगळे त्यात भरायचे होते. काढता काढता माझ्या लक्षात आले की माझ्या स्वतःच्या गोळ्या यजमानांकडे दिल्या तरी सासूबाईंच्या खोलीतल्या कपाटात वरच्या खणात त्यांची रात्रीची औषधे असतात, त्यांत क्लोनाझेपाम या माझ्या गोळीच्याच जातीच्या औषधाची पट्टीही असते, आणि रोज रात्री साडेनऊला तो खण मीच उघडते. त्या दोन आठवड्यांत मी त्यातली एक गोळी घेतली होती. हे मी कोणालाही सांगितले नव्हते. त्या कागदाने ते माझ्याकडून सांगून घेतले. बाई रागावल्या नाहीत. घसरणे आणि पुन्हा पूर्वीच्या जागी जाऊन पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे त्या म्हणाल्या, आणि पुढच्याच शुक्रवारी त्यांनी यजमानांना बोलावून घेतले.

त्या कौटुंबिक बैठकीत ठरले की सासूबाईंचे रात्रीचे औषध यजमान देतील आणि त्यांची रात्रपाळी असेल तेव्हा शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या नणंदबाई येतील. माझी रोजची मात्रा मुलीने काढून द्यावी, असे यजमानांनी सुचवले होते, कारण ती घरातच असते आणि हुशार आहे. बाईंनी ते लगेच नाकारले. "मुलीला आईवर पहारा ठेवायला लावू नका," हे त्यांचे वाक्य मला अजून आठवते. त्या दिवशी यजमान पहिल्यांदा फार कमी बोलले आणि बरेच ऐकून घेतले. घरी आल्यावर सासूबाईंनी मात्र आठ दिवस धरून ठेवले की रात्रीचे औषध सुनेच्याच हातून घेणार. त्यांना सगळे सांगावे की नाही यावर आमच्यात वाद झाला, शेवटी मीच त्यांच्या उशाशी बसून सांगितले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि "मला आधी का नाही सांगितलंस गं," एवढेच विचारले.

दाखल होऊन उपचार घेतले असते तर महिनाभर हा खण माझ्यासमोर आलाच नसता. मी बरी होऊन घरी आले असते आणि पहिल्याच रात्री साडेनऊला पुन्हा तेथेच उभी राहिले असते, तेही कोणाच्याही सल्ल्याविना. घरी राहून घेतलेल्या उपचारांत मोह रोज समोर असतो हे खरे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्याबद्दल बोलायला माणसेही असतात. औषधाच्या दुकानाचेही असेच झाले. बाईंच्या सांगण्यावरून मी स्वतः त्या दुकानात गेले आणि यापुढे मला नव्या चिठ्ठीशिवाय काहीही देऊ नका, असे सांगितले. दुकानदार काका बराच वेळ गप्प राहिले, मग "चूक माझीपण आहे, ताई," असे म्हणाले.

गटात आम्ही नऊ-दहा जण असू, बहुतेक पुरुष, बहुतेक दारूसाठी आलेले, बायका दोनच. पहिले काही दिवस मी यांच्यापैकी नाही असेच मला वाटत होते, कारण मला गोळी डॉक्टरांनी दिली होती. हा समज गटातच गळून पडला. झोपेच्या आणि तत्सम शामक औषधांचा डॉक्टरांच्या सल्ल्याबाहेर वापर करणारे सुमारे १ कोटी १८ लाख लोक देशात आहेत, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणात नोंदवले आहे; तरीही त्या खोलीत मी आणि आणखी एक जण सोडता या कारणासाठी आलेले कोणी नव्हते. गटात जे बोलले जाते ते गटातच राहते, म्हणून याहून अधिक लिहीत नाही.

झोपेसाठी दिलेले प्रशिक्षण मला सर्वांत कठीण गेले आणि सर्वांत उपयोगी पडले. रोज झोपेची नोंदवही लिहायची, रात्र कशीही गेली तरी सकाळी सहाला उठायचे, दुपारी आडवे व्हायचे नाही, झोप आल्याशिवाय पलंगावर जायचे नाही आणि पडून झोप लागत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे. पहिले दोन आठवडे मी अक्षरशः रडकुंडीला आले होते. पाचव्या आठवड्यात सलग साडेचार तास झोप लागली, तेव्हा मुलीने त्या वहीत त्या तारखेभोवती लाल गोल काढला.

आता तक्रारी. सुरुवातीला स्वागतकक्षातून पूर्ण नाव, तेही आडनावासकट, मोठ्याने पुकारले जात असे. ठाण्यासारख्या शहरात बाकावर शेजारी कोण ओळखीचे निघेल याचा भरवसा नसतो. आम्ही लेखी तक्रार केल्यावर क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली, पण हे कोणी सांगण्याची वेळ येऊ नये. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. सातव्या आठवड्यात माझ्या समुपदेशक बाई केंद्र सोडून गेल्या आणि मला ते त्या दिवशी सकाळी खोलीत नव्या व्यक्तीला पाहिल्यावर कळले. ज्या व्यक्तीजवळ माणूस आयुष्यातले सर्वांत लाजिरवाणे बोलतो, तिचा निरोप घेण्याची संधी त्याला मिळायला हवी. तो आठवडा माझा वाईट गेला. तिसरी गोष्ट, रविवारी केंद्राचा दूरध्वनी कोणी उचलत नाही. एका रविवारी रात्री घाबरगुंडी उडाली तेव्हा मी १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या बाई मराठीत शांतपणे बोलत राहिल्या आणि रात्र निभावली. ही सरकारी सेवा विनामूल्य असून चोवीस तास चालते. बारा तासांचे उपचार देणाऱ्या केंद्राने रविवारसाठी काही सोय करू नये, हे मला पटलेले नाही.

खर्चाचे बोलायचे तर पहिल्या सहा आठवड्यांत आठवड्याला सहा हजार रुपये लागले, औषधे वेगळी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांच्याच धर्तीवर विमा देणे बंधनकारक आहे; परंतु आमच्या पॉलिसीत दाखल न होता घेतलेले कोणतेच उपचार बसत नाहीत, त्यामुळे एक रुपयाही परत मिळाला नाही. हेच उपचार दाखल होऊन घेतले असते तर दावा निदान विचारात घेतला गेला असता. ज्यांना एवढा खर्च झेपत नाही, त्यांनी १९०१ पासून चालू असलेल्या ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात अवश्य जावे. आमच्या गटातले दोघे औषधे तेथूनच घेत असत.

सध्या माझी मात्रा सुरुवातीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी झाली आहे. गुरुवारच्या बैठकीला मी नियमित जाते. सकाळच्या दहाच्या वेळेमुळे नोकरी करणाऱ्या बायकांना येता येत नाही आणि संध्याकाळचा गट फक्त पुरुषांनी भरलेला असतो, म्हणून शनिवारी दुपारी बायकांसाठी स्वतंत्र गट सुरू करावा, असे पत्र मी केंद्राला दिले आहे. किमान सहा जणी असतील तर सुरू करू, असे त्यांनी लेखी कळवले. आतापर्यंत चार नावे झाली आहेत.