आठ महिने, चार बाटल्या आणि एक बरणी

पहिली अडचण नावाचीच. वाइन शॉपच्या काउंटरवर “लिक्युअर आहे का?” असं विचारलं, तर पलीकडचा पोरगा म्हणाला, “मॅडम, इथं सगळं लिकरच आहे.” त्याचं काही चुकलं नाही, आपल्या तोंडी दोन्ही शब्द सारखेच येतात. लिक्युअर म्हणजे स्पिरिटमध्ये फळांच्या साली, मसाले, कॉफी, पाला असं काहीतरी मुरवून किंवा त्यासकट गाळून वर साखर घातलेली दारू. युरोपात हे नाव लावायचं तर साधारणपणे लिटरमागे निदान 100 ग्रॅम साखर आणि 15 टक्के अल्कोहोल लागतं. नावात ‘क्रेम द’ असेल तर साखर 250 ग्रॅम. म्हणजे 30 मिलीच्या छोट्या पेगमध्येच साडेसात ग्रॅम. घरात कुणाला मधुमेह असेल तर हा हिशोब आधी करा.

मार्चमध्ये धाकट्या दिरानं परदेशातून येताना ड्यूटी फ्रीमधून एक-एक लिटरच्या दोन लिक्युअरच्या बाटल्या आणल्या, संत्र्याच्या सालीची क्वांत्रो आणि व्हिस्की-सायीची बेलीज. माणशी दोन लिटरचीच मुभा असते, म्हणजे बिचाऱ्यानं स्वतःची व्हिस्की सोडून आमच्यासाठी हे आणलं. पहिल्याच रात्री आम्ही मूर्खपणा केला. व्हिस्की प्यावी तशी 60 मिली क्वांत्रो ओतली आणि समोर चिवडा ठेवला. चौथ्या घोटाला तोंड गोडमिट्ट झालं आणि डोकं तापलं. गोड लागतं म्हणून सौम्य समजू नका, क्वांत्रोत 40 टक्के अल्कोहोल आहे, थेट व्हिस्कीच्या पंक्तीला बसणारं. बाटली महिनाभर कपाटात गेली.

मग एकदा पाहुणे जेवून उठल्यावर सहज काढली. खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजून प्रत्येकाला 20 मिली, ग्लास आधी फ्रीजरमध्ये ठेवलेले. गारव्यानं गोडवा दबतो आणि संत्र्याच्या सालीचा वास आधी पुढे येतो. तेव्हा कळलं की ही चखण्याबरोबरची गोष्टच नाही. हिची जागा पानसुपारीच्या आसपास आहे. जेवण उरकलंय, कुणाला उठायचं नाहीये, गप्पा रेंगाळल्यात, तेव्हा ही बाटली काढायची.

क्वांत्रोबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आठ महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोग हिचाच झाला. ही फ्रान्समधल्या आंजे गावची, 1875 पासूनची. गोड आणि कडू अशा दोन्ही संत्र्यांच्या साली वापरतात. बर्फ घातला की काचेसारखं स्वच्छ पेय दुधट होतं. मला आधी वाटलं माल भेसळीचा आहे. तसं नाही. सालीतलं तेल अल्कोहोलमध्ये विरघळून असतं, पाणी आणि गारवा वाढला की ते बारीक थेंबांनी बाहेर पडतं. उलट दुधट झाली तर बरंच समजायचं. लिंबू आणि ब्रँडीबरोबर हिचं जुनं कॉकटेल आहे, साइडकार. देशी ब्रँडी 50 मिली, क्वांत्रो 20, लिंबाचा रस 20, बर्फासकट खळखळून हलवायचं. इथं गोडवा लिंबाला सावरतो, वेगळी साखर लागत नाही. पण माझा आवडता प्रकार कॉकटेल नाहीच. नागपुरी संत्र्याच्या फोडी पांढरे दोरे काढून सोलायच्या, दोन चमचे क्वांत्रो शिंपडून तासभर फ्रीजमध्ये ठेवायच्या. सासूबाईंनी “संत्री यंदा चांगली आलीत” म्हणून दुसरी वाटी मागितली, तेव्हा मात्र सांगावं लागलं. सांगितल्यावरही त्यांनी वाटी परत केली नाही.

बेलीज ही आयर्लंडची, 1974 मध्ये बाजारात आलेली, व्हिस्की आणि साय यांची 17 टक्क्यांची बाटली. चवीला कुणालाही आवडते, आणि माझी तक्रार तीच आहे. दोनदा प्यायल्यावर तिसऱ्यांदा नवीन काही सापडत नाही. शिवाय सांभाळावी लागते. 0 ते 25 अंशांत ठेवा असं कंपनी सांगते. पुण्याच्या एप्रिलात स्वयंपाकघर याच्या कितीतरी वर जातं, त्यामुळे तिनं फ्रीजच्या दारातली जागा अडवली. बाकीच्या बाटल्यांना साखर आणि अल्कोहोल सांभाळतात, त्यांना कपाट पुरतं. आमच्या ह्यांनी एकदा बेलीजमध्ये लिंबू पिळलं. पुढं काय झालं ते पनीर करणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

मे महिन्यात कालुआ घेतली. मेक्सिकोतल्या वेराक्रूझची, 1936 ची, रम आणि कॉफी. सात आठवड्यांत संपली, कारण घरातल्या फिल्टर कॉफीचं कडक डिकॉक्शन, व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा आणि वर चमचाभर कालुआ, हे करायला पाच मिनिटं लागतात. नुसती प्यायला मला जड वाटली.

कांपारीशी मात्र माझं जुळायला दोन महिने गेले. 1860 मध्ये इटलीतल्या नोव्हारात जन्मलेली ही लालभडक कडू बाटली. पहिला घोट पाडव्याच्या कडुनिंबाच्या चटणीची आठवण करून देणारा, फक्त इथं गूळ आधी लागतो आणि पाला मागून येतो. सोडा, भरपूर बर्फ आणि संत्र्याची चकती घालून जेवणाआधी घेतली तेव्हा पटली. चार बाटल्यांत जेवणाआधी बसणारी ही एकटीच. जिन, कांपारी आणि गोड व्हर्मूथ (पाला-मसाले मुरवलेली वाइन) समभाग घेतलं की नेग्रोनी नावाचं कॉकटेल होतं, पण व्हर्मूथची बाटली उघडल्यावर वाइनसारखी उतरत जाते, म्हणून तो खर्च मी पुन्हा केला नाही. शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट: हा लाल रंग पूर्वी कोचिनील किड्यापासून यायचा, 2006 पासून बहुतेक देशांत ते बंद झालं. तरी लेबल वाचा.

या सगळ्यातून अंगात आलं आणि लिमोनचेलो, म्हणजे इटलीची लिंबाच्या सालीची लिक्युअर, घरी करून बघितलं. पहिला डाव फसला. इटलीत जाड सालीची लिंबं आणि 95 टक्क्यांच्या आसपासचं स्पिरिट वापरतात. मी घेतली कागदी लिंबं आणि 42.8 टक्क्यांची साधी व्होडका. कागदी लिंबाची साल इतकी पातळ की किसताना आतला पांढरा भाग आलाच, आणि सगळं कडवट झालं. दुसऱ्यांदा मंडईतून लोणच्याची ईडलिंबं आणली, सोलाण्यानं फक्त वरची पिवळी साल काढली, व्होडकात तीन आठवडे अंधारात ठेवली आणि मग गाळून पाक घातला. साखर पहिल्यापेक्षा निम्मी. रंग फिकट आला, पण वास असा की बरणी उघडली की बाहेरच्या खोलीतून विचारणा होते.

पैशाचं म्हणाल तर काउंटरवर किंमत ऐकून छातीत धस्स होतं. पण 20 मिलीच्या हिशोबानं लिटरच्या बाटलीत पन्नास ग्लास निघतात, आणि आमच्या क्वांत्रोत अजून चार बोटं शिल्लक आहे. दीर पुन्हा जानेवारीत येतोय. बेलीज आणू नकोस, असं कळवलंय. कांपारी अर्ध्याहून जास्त उरलीय. तिला घरात माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही, त्यामुळे ती वरच्या फळीवर ठेवायची गरज पडलेली नाही.